वाट पाहणारे बेट



परदेशाहून परतलेल्या मनुष्यास गावकरी प्रथम एकच प्रश्न विचारतात : "काय काय पाहिलेत?" गेल्या वर्षी आम्ही माल्टाहून परतलो, तेव्हा ह्या प्रश्नाला उत्तरे देता देता आमची जीभ थकून गेली. परंतु आमच्या धर्मग्रामातील एका माउलीने आम्हांस एक निराळाच प्रश्न केला. तो प्रश्न ऐकल्यावर त्या प्रवासातील एका दिवसाचा अर्थ आम्हांस प्रथमच नीट उमगला. त्या एका दिवसाची हकीकत आज सांगावयाची आहे.

आमचे धर्मग्राम सीमाभागातले. येथील घरटी एक तरी मुलगा गोव्यात, मुंबईत, आखातात किंवा आगबोटीवर आहे. ही माउलीही त्यांपैकीच एकाची आई. तिचा थोरला मुलगा बोटीवर काम करतो. जाण्याच्या आदल्या रात्री शेताच्या वाटणीवरून बापलेकांत शब्दाला शब्द लागला, आणि मुलगा उंबरा ओलांडून गेला तो गेलाच. तो सुखरूप आहे एवढे त्याच्या सोबत्यांकडून कळे. परंतु दीड वर्षात त्याने घरी एकदाही फोन केला नव्हता. आम्ही यात्रेस निघणार हे कळताच ती माउली एका सकाळी मिस्सानंतर चर्चच्या मागल्या दाराशी येऊन उभी राहिली. तिच्या हातात चार घड्या घातलेला एक कागद व शंभराची एक नोट होती.

"फादर, समिंदराकाठी सायबिणीचं देऊळ कुटं असंल, तर ह्यो कागद तितं ठेवा. पोरगा तसल्याच पाण्यावर हाय न्हवं?"

आम्ही कागद व नोट प्रार्थनापुस्तकात ठेवली आणि, खरे सांगावयाचे तर, प्रवासाच्या धांदलीत ती गोष्ट विसरून गेलो.

संत पौलाच्या पाऊलखुणांचा मागोवा घेणारी ती यात्रा होती. 'प्रेषितांची कृत्ये' ह्या पुस्तकाच्या अखेरच्या दोन अध्यायांत पौलाच्या जहाजफुटीची हकीकत आहे, ती आपण सर्वांनी ऐकलेली आहे. बंदिवान पौलाला रोमकडे नेणारे ते जहाज चौदा दिवस वादळात सापडले आणि अखेर माल्टाच्या किनाऱ्याशी फुटले. जहाजावर २७६ माणसे होती. त्यांतील एकही दगावला नाही. ह्या बेटाची पुण्यस्थाने पाहून झाल्यावर एक दिवस मोकळा उरला. माल्टाच्या वायव्येस गोझो नावाचे धाकटे बेट आहे. एका दिवसात ते दाखवून परत आणणाऱ्या सहलीची तिकिटे आम्ही तिघा धर्मगुरूंनी काढली.

अशा सहलीचा प्रकार वाचकांस ठाऊक असेलच. सकाळी सात वाजता बस दाराशी येते. तिकिटात बोटीचे भाडे, प्रवेशशुल्क व दुपारचे भोजन धरलेले असते. पुढे मिटलेली छत्री उंच धरून मार्गदर्शिका चालते, मागून आपण मेंढरांप्रमाणे चालतो. कोणत्या जागी किती मिनिटे थांबावयाचे हे आधीच ठरलेले असते. त्या दिवशी आपण स्वतःचे नसतो. आपण त्या छत्रीचे असतो! परंतु आमची मार्गदर्शिका गोझोचीच कन्या होती. ती पाठ केलेले बोलत नव्हती. स्वतःच्या घरातील वस्तू दाखवावी तशी दाखवीत होती.

संत पौलाच्या नावाच्या उपसागराच्या कडेने जाऊन बस बेटाच्या वायव्य टोकाशी असलेल्या चिरकेव्वा धक्क्यावर पोहोचली. तेथून बोट निघते, ती मध्ये कोमिनो हे चिमुकले बेट उजवीकडे टाकून सुमारे पंचवीस मिनिटांत गोझोच्या इमजार बंदरास लागते. पाण्याचा निळा रंग इतका गडद होता की त्यात बोट बुडवली तर निळी होऊन वर येईल असे वाटावे. समोर पिवळसर दगडांचे डोंगर, त्यांवर पायऱ्यापायऱ्यांची शेते, आणि प्रत्येक उंचवट्यावर एकेक चर्च. त्या सर्वांत उंच दिसणारा एक प्रचंड घुमट पाहून आम्ही विचारले, "हे कोणते शहर?"

"शहर नव्हे, फादर. शेउकिया नावाचे खेडे."

त्या खेड्याने संत योहान बाप्तिस्ता ह्यांच्या नावाचे हे वर्तुळाकार महामंदिर १९५२ साली बांधावयास घेतले. ते गावकऱ्यांच्या देणग्यांतून व श्रमांतून उभे राहिले. नवल असे की जुने चर्च आधी पाडले नाही. त्याच्या भोवतीच नव्याच्या भिंती चढवल्या. गावाची उपासना जुन्यात चालू राहिली आणि नवे तिला कवेत घेऊन वाढत गेले. नवे पुरे होत आल्यावर जुने उतरवले, तेव्हाही त्याचे कोरीव दगड टाकून न देता बाजूच्या दालनात जपून ठेवले. आमच्याकडे एखाद्या चर्चचे साधे छप्पर बदलावयाचे म्हटले तरी दोन पक्ष पडतात, हे आठवून आम्ही एकमेकांकडे पाहिले व गप्प बसलो.

पहिला मुक्काम जिगांतिया येथील पाषाणमंदिरांचा. इसवी सनापूर्वी सुमारे ३६०० वर्षांच्या सुमारास ही मंदिरे उभारली गेली; म्हणजे मिसरचे पिरॅमिड त्यांच्यापुढे धाकटे ठरतात. तेथील काही शिळा हत्तीएवढ्या आहेत. लोखंड ठाऊक नसलेल्या माणसांनी त्या कशा हलवल्या असतील, ह्याचा विद्वान अजून विचार करीत आहेत. परंतु गोझोच्या आजीबाईंनी तो प्रश्न केव्हाच सोडवलेला आहे. त्या सांगतात की एका राक्षसिणीने हे सारे एकटीने बांधले, आणि तेही काखेत तान्हे मूल घेऊन! मार्गदर्शिका हसून म्हणाली, "ह्या बेटावरची कामे आयांनीच केली, पुरुष समुद्रावर होते."

ते वाक्य आम्ही त्या वेळी विनोद म्हणून ऐकले.

तेथून बेटाच्या मध्यभागी असलेल्या व्हिक्टोरिया नगरीत गेलो. राणी व्हिक्टोरियाच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षी, १८८७ साली, इंग्रजांनी तिला हे नाव दिले. परंतु जुनी माणसे आजही तिला रबात असेच म्हणतात. नगरीच्या डोक्यावर एक किल्ला आहे. किल्ल्यात स्वर्गोन्नयन मातेचे प्रधान मंदिर आहे. आत शिरून वर पाहावे तो उंच, खोल घुमट दिसतो. प्रत्यक्षात घुमट नाहीच! माथा सपाट आहे, आणि १७३९ साली मेसिनाच्या अंतोनियो मानुएले ह्या चित्रकाराने कापडावर रंगवलेला तो आभास आहे. घुमट बांधला गेला नाही, तर लोकांनी तो रंगवून घेतला, व वर पाहून प्रार्थना केली.

परंतु त्या किल्ल्याची खरी कथा घुमटाची नव्हे. तटावर उभे राहून मार्गदर्शिकेने छत्री खाली केली आणि हलक्या आवाजात ती सांगितली. १५५१ सालच्या जुलै महिन्यात तुर्की आरमार ह्या बेटावर उतरले. लोक किल्ल्यात शिरले. किल्ला टिकला नाही. सुमारे ५,००० माणसे, म्हणजे जवळजवळ सारे बेट, साखळदंडांनी बांधून गुलाम म्हणून आफ्रिकेच्या किनाऱ्याकडे नेण्यात आले. कुणी सुटले, कुणी दंड भरून सोडवले गेले, कुणी वर्षांनंतर परतले. बहुसंख्य परतलेच नाहीत. बेट ओस पडले. पुढच्या पिढ्यांनी माल्टाहून येऊन ते हळूहळू पुन्हा वसवले. त्यानंतरही भय इतके होते की १६३७ सालापर्यंत बेटावरील माणसांनी रात्री ह्या किल्ल्यातच निजावयास यावे असा कायदा होता. दिवसा शेत, रात्री तट.

"आमच्या बेटाला वाट पाहण्याची सवय आहे," ती म्हणाली. "विसाव्या शतकात आमची माणसे पुन्हा गेली. ह्या वेळी साखळदंड नव्हते, पोट होते." ऑस्ट्रेलिया, कॅनडा, अमेरिका अशा दूरदेशी गोझोचे तरुण हजारोंनी गेले. आजही खेड्यांतून फिरताना घरांच्या दारांवर त्या देशांची नावे कोरलेली दिसतात. परत आलेल्याने घराला परदेशाचे नाव द्यावे, आणि परदेशी राहिलेल्याने तिकडच्या घराला आपल्या गावाचे! तिचा स्वतःचा भाऊ मेलबर्नला होता. "दर रविवारी फोन करतो," असे ती म्हणाली तेव्हा तिच्या मुद्रेवर जे समाधान दिसले, ते आम्ही आमच्या गावच्या अनेक घरांत पाहिलेले आहे. आणि त्याच क्षणी आम्हांस प्रार्थनापुस्तकातला कागद आठवला.

आम्ही विचारले, "ह्या बेटावर समुद्रावरच्यांसाठी प्रार्थना करावी असे सायबिणीचे देऊळ कोणते?"

"ता पीनू," ती ताबडतोब म्हणाली. "दुपारी तेथेच जावयाचे आहे. वीस मिनिटे."

परंतु दुपारच्या भोजनाला गर्दीमुळे दीड तास लागला. तेथून बस पश्चिम किनाऱ्यावरील द्वेयरा येथे गेली. येथेच ती जगप्रसिद्ध दगडी कमान होती, जिला 'निळी खिडकी' म्हणत. हजारो चित्रांत व अनेक चित्रपटांत ती दिसते. ८ मार्च २०१७ रोजीच्या वादळात ती समुद्रात कोसळली. खांबही उरला नाही. तरीही बसगाड्या तेथेच थांबतात. मार्गदर्शिकेने जुने छायाचित्र हातात उंच धरले. प्रवासी एकदा छायाचित्राकडे व एकदा मोकळ्या आभाळाकडे पाहत होते. जवळच समुद्रात एक उभा खडक आहे. त्यावर उगवणारी एक वनस्पती रक्तस्राव थांबवते अशा समजुतीने संत योहानाच्या सरदारसंघाचे प्रमुख पिंटो ह्यांनी १७४६ साली तेथे पहारा बसवला होता. पुढे त्या वनस्पतीत औषधी गुण नाहीतच असे ठरले. जे रात्रंदिवस राखले ते निरुपयोगी निघाले; जे कायम राहणार असे सर्वांस वाटले ते एका सकाळी पडले.

बसमध्ये परतलो, तेव्हा मार्गदर्शिका घड्याळाकडे पाहत होती. उशीर झाला होता. परतीची बोट चुकली तर सर्वांचीच गैरसोय. ती म्हणाली, "ता पीनू बसच्या खिडकीतूनच दाखवते. त्यानंतर हस्तकलेच्या दुकानांपाशी ठरल्याप्रमाणे थांबू."

आम्ही पुढे गेलो व तिला त्या कागदाविषयी सांगितले. ती क्षणभर गप्प राहिली. मग तिने ध्वनिक्षेपक हाती घेऊन सर्वांस विचारले, दुकाने की मंदिर? बसमध्ये अनेक देशांचे लोक होते. बहुतेक आपल्या धर्माचे नव्हते. काहींनी कुरकुर केली, आणि त्यात त्यांची चूक नव्हती. त्यांनीही पैसे मोजले होते. इतक्यात मागल्या आसनावरील एक वृद्ध गृहस्थ उठून म्हणाले, "मी कोणत्याच देवळात जात नाही. पण कुणाच्या तरी आईचे पत्र पोहोचवावयाचे असेल, तर दुकान उद्याही उघडे असते." कुणी काही बोलले नाही. बस वळली.

ता पीनूचे मंदिर गावात नाही. आर्ब गावाबाहेर, शेतांच्या मधोमध एकटे उभे आहे. तेथे पूर्वी एक लहानसे कपेल होते. १५७५ साली रोमहून आलेल्या धर्माधिकाऱ्याने त्याची दुरवस्था पाहून ते पाडण्याची आज्ञा दिली. परंपरा अशी की पहिला घाव घालताच मजुराचा हात मोडला, म्हणून ते वाचले. पुढे पीनू गाउची नावाच्या भाविकाने त्याची देखभाल केली. म्हणून 'ता पीनू', म्हणजे पीनूचे. पुन्हा ते दुर्लक्षित झाले. २२ जून १८८३ रोजी कार्मनी ग्रीमा नावाची शेतकरी स्त्री शेतातून येताना त्या कपेलाजवळून जात होती. तिला आतून एका स्त्रीचा आवाज ऐकू आला : आत ये. आत गेल्यावर त्या आवाजाने तिला तीन वेळा 'नमो मरिया' म्हणावयास सांगितले. कार्मनी लिहितीवाचती पंडिता नव्हती; तिने सांगितले तसे केले, आणि कित्येक दिवस कुणाजवळ बोललीही नाही. पुढे दूरदूरची माणसे येऊ लागली. १९२० साली नव्या मंदिराचे काम सुरू झाले व १९३२ साली त्याचे पवित्रीकरण झाले. जुने कपेल आजही आत, वेदीच्या मागे, जसेच्या तसे आहे. पोप दुसरे जॉन पॉल १९९० साली येथे आले, पोप फ्रान्सिस २०२२ साली.

आता एक कबुली दिली पाहिजे. वीस मिनिटे मिळाली होती. त्यांतील पहिली पाच आम्ही मंदिराचे छायाचित्र घेण्यात घालवली! घुमट येईल तर दार येत नाही, दार येईल तर घुमट येत नाही. आमचे सोबती धर्मगुरू अखेर आमच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "फादर, कागद." आम्ही शरमलो व आत गेलो.

वेदीलगतच्या दालनांच्या भिंती नवसाच्या वस्तूंनी भरलेल्या होत्या. तान्ह्यांची झबली, कुबड्या, जहाजांची चित्रे, तरुणांची छायाचित्रे, आणि पत्रे; कितीतरी पत्रे, कितीतरी अक्षरांत. जुन्या कपेलात चार म्हाताऱ्या रोजरी म्हणत होत्या. माल्टाची भाषा मुळात अरबीच्या कुळातली, पण लिपी रोमन. तेथील ख्रिस्ती लोक परमेश्वराला 'आल्ला' म्हणतात, उपवासकाळाला 'रांदान', आणि मरियेला ज्या शब्दाने वंदन करतात तो आपल्या परिचयाच्या 'सलाम'चा सख्खा भाऊ आहे. शब्द आम्हांस कळत नव्हते. परंतु कोणत्या मण्यावर त्या आहेत हे मात्र कळत होते. आम्ही त्यांच्यामागे गुडघे टेकले. कागद उघडून वाचला नाही. तो आम्हांला लिहिलेला नव्हता. इतरांच्या चिठ्ठ्यांत तो ठेवला, एक मेणबत्ती लावली, आणि तीन 'नमो मरिया' मराठीतून म्हटल्या. पुढच्या म्हाताऱ्यांपैकी एकीने वळून पाहिले, आमच्या हातातील जपमाळ पाहिली, व सरकून जागा दिली.

बसमध्ये परतताना त्या वृद्ध गृहस्थांनी विचारले, "पोहोचले?" आम्ही म्हणालो, "पोहोचले." बोटही मिळाली. गोझोचे दिवे मागे पडत असताना डेकवर उभे राहून आम्ही विचार करीत होतो : एका दिवसाच्या सहलीत मनुष्य काय पाहू शकतो? दगड, पाणी, घुमट. ह्या बेटाचे जे खरे आहे, ते म्हणजे साडेचारशे वर्षांहून अधिक काळ कुणाची तरी वाट पाहत दिवा लावणारी घरे. ती छायाचित्रात येत नाहीत.

परत आल्यावर त्या माउलीस बोलावले. शंभराची नोट तिच्या हाती परत ठेवली. तिकडे रुपये चालत नाहीत, मेणबत्तीचे आम्ही दिले, असे सांगितले. तिने ती नोट तशीच नेऊन गरिबांच्या पेटीत टाकली. तिला आम्ही निळ्या पाण्याविषयी सांगू लागलो, पडलेल्या कमानीविषयी, राक्षसिणीच्या मंदिराविषयी. तिने ते शांतपणे ऐकून घेतले. मग 'काय पाहिलेत' हा सर्वांचा प्रश्न न करता ती म्हणाली,

"फादर, तितं बी आया वाट बघत्यात व्हय?"

"होय, बाई," आम्ही म्हणालो. "भिंती भरल्या आहेत."

"मग बरं," ती म्हणाली. "म्या एकलीच न्हाई." आणि पदर सावरून कामाला गेली.

वाचकहो, येथे ही हकीकत संपवून, त्याच रात्री मुलाचा फोन आला असे लिहिता आले असते तर आम्हांस किती आनंद झाला असता! परंतु खोटे लिहिणार नाही. आज ह्या गोष्टीला वर्ष होत आले. त्याचा फोन अजून आलेला नाही. दर शनिवारी ती चर्चमध्ये येते व शेवटच्या बाकावर बसून तीन 'नमो मरिया' म्हणते. गेल्या काही महिन्यांपासून तिचा नवराही तिच्याशेजारी येऊन बसू लागला आहे. तो काही बोलत नाही, पण येतो. ज्याच्या शब्दाने घर तुटले, त्याचे हे तेथे येऊन बसणे आम्ही लहान मानीत नाही.

हे साप्ताहिक टपालाने, कुणाच्या पेटीतून, कुणाच्या पिशवीतून दूरदूर जाते, हे आम्हांस ठाऊक आहे. म्हणून शेवटची चार वाक्ये घरच्यांसाठी नाहीत. दूर असलेल्या मुलांसाठी आहेत. बाळांनो, तुम्ही कोणत्या समुद्रावर आहात, कोणत्या शहरात आहात, हे आम्ही विचारीत नाही. भांडणात कोण बरोबर होते हेही विचारीत नाही. पैसे पाठवले नाहीत तरी चालेल. आज घरी फोन करा. आणि फोन बापाने उचलला, तर ठेवू नका.